दोसान्को : तट्टू म्हणावं का?

शेवंती : जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात 'दोसान्को' नावाचा घोडा आहे. खांद्यापाशी उंची जेमतेम १२५ ते १३५ सेंटिमीटर. मी 'तट्टू' लिहिलं, तर संपादक म्हणतात 'पोनी' करा, तट्टू हिणकस वाटतं. तुम्ही काय लिहाल?

आडगावकर : तट्टूच. हिणकस वाटतं ते 'भाड्याचं तट्टू'मुळे. त्यात दोष भाड्याचा, तट्टाचा नव्हे. राज्यगीतात भीमथडीची तट्टंच आहेत ना? तिथे पोनी घालून बघा! शिवाय स्त्रीलिंगी 'तट्टाणी' आयती मिळते.

खोगीर : होक्काइदोतल्या साप्पोरो शहरात तीन वर्षं होतो. कामाकडे पाहिलं तरी तट्टूच बरोबर, कारण हे मूळचं ओझ्याचं जनावर. एदो काळात (१६०३ ते १८६८) हेरिंग मासेमारीसाठी जपानच्या मुख्य बेटाच्या, होन्शूच्या, उत्तर भागातून घोडे नेत, आणि मोसम संपला की तिथेच सोडून परतत. जे जगले, ते बर्फाखालच्या बुटक्या बांबूवर. मी पाहिलेली तट्टाणी पुढच्या खुराने चार-पाचदा बर्फ खरवडायची, नाक खुपसायची आणि वर यायची तेव्हा दातांत हिरवं पान, मिशांवर बर्फाचे कण. चालताना एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलते, म्हणून पाठीवरचं ओझं उसळत नाही. मारवाडी घोड्यांची 'रेवाल' चाल आठवते.

शेवंती : आणि शब्दाची फोड?

खोगीर : 'दो' होक्काइदोतला, 'सान' म्हणजे उपज, 'को' म्हणजे मूल. होक्काइदोचं लेकरू! ज्युदोतला 'दो'ही हाच. तिथे मार्ग, इथे प्रांत. बेटाला हे नाव १८६९ मध्ये मिळालं, म्हणजे शब्द घोड्यापेक्षा बराच तरुण. कागदोपत्री नाव 'होक्काइदो वाशू'; ते मी फक्त फलकावर वाचलं.

आडगावकर : 'लेकरू' म्हणता, मग माणसालाही चालत असेल?

खोगीर : अभिमानाने! ऑफिसातल्या एका बाईंनी ओळख करून देताना "मी दोसान्को" म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर तीच तट्टाणी. आपल्याकडे माणसाला तट्टू म्हणून बघा, कॉलरच धरतील.

शेवंती : मग घोड्यांसाठी पहिल्यांदा 'दोसान्को तट्टू', पुढे नुसतं 'दोसान्को'. माणसांच्या परिच्छेदात तट्टू नको.

आडगावकर : चालेल. फक्त अनेकवचन 'तट्टे' करा हं, लिंबू-लिंबेसारखं. 'अनेक तट्टू' परवाच एका पेपरात वाचलं.