नळाच्या गाण्याला गोंधळाची चाल लावावी का?

रामराम मंडळी. मी मूळचा तुळजापूरकडचा. आता संभाजीनगरला मुकुंदवाडीत राहतो, वाळूजला कंपनीत आहे. 2012 पर्यंत जागरण-गोंधळ केला, स्वतःची गाणी रचली. थोरला भाऊ माझा झीलकरी, मागून सूर धरणारा. तो गेला अन् तुणतुणं खुंटीला लागलं ते लागलंच.

मागच्या उन्हाळ्यापासून पुन्हा शब्द यायला लागलेत, पण गावाचे नाहीत, इथले. आठ गाणी झालीत, अल्बम करतोय. थर्ड शिफ्ट सुटल्यावर टपरीवर चहात पाव बुडवून खाणाऱ्या पोरांचं एक. खोली बदलताना तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन टेम्पोत बसलेल्या माउलीचं एक. अन् नळाचं. आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तेही रात्री दोनला. अख्खी गल्ली जागी. हंडे, ड्रम, पायपाची वेटोळी, लेकरं पायरीवर पेंगलेली. मला ते जागरणच दिसलं. देवीला आवतन देतात तसं मी पाण्याला दिलंय, चाल गोंधळाचीच आली, शेवटी उदोसुद्धा. हे चुकतंय का? अन् रेकॉर्डिंगवाला म्हणतो तुणतुण्याचा सूर उतरतो, कीबोर्ड घ्या.

संबळवाला, धाराशिव
दादा, तुणतुणं सोडू नका. पट्टी ठरवा, पेटीची काळी चार असंल तर दर कडव्याआधी खुंटी पिळून तार बघा. दमट हवेत संबळाचं कातडं ढिलं पडतं, आधी तापवून घ्या. अन् रेकॉर्डिंगवाले ठेक्यासाठी देतात ती टिकटिक कानात लावून गाऊ नका. गाणारा अन् संबळ एकाच वेळी रेकॉर्ड करा. गोंधळाची लय चढत जाते, टिकटिक ती चढू देत नाही.

पैठणची लेक
तुमच्या नळाला येतं ते आमच्या पैठणचं पाणी, जायकवाडीचं. संत एकनाथांच्या घरी देवानं श्रीखंड्या नावाचा गडी होऊन कावडीनं पाणी भरलं, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. नाथांनी जोशी, वासुदेव, गोंधळ, जोगवा सगळं भारुडात घेतलं. अण्णाभाऊ साठेंनी 'मुंबईची लावणी' लिहिली. शहर गायलं म्हणून चाल बाटत नसते. श्रीखंड्याला एका कडव्यात आणाच.

जुना गोंधळी, परभणी
चाल वापरा, माझी हरकत नाही. पण उदो तेवढा काढा. तो आईचा आहे. दिवटी पेटवल्याशिवाय आम्ही तो तोंडातून काढत नाही.

मूळ लेखक
काका, उदो काढला. तुमचं वाचून रात्रभर तेच मनात होतं. त्या जागी गल्लीतल्या बाया पाणी सुटल्यावर ओरडतात तेच घेतलं, "आलं गं, आलं!" ताई, श्रीखंड्या आला, दुसऱ्या कडव्यात. कीबोर्डला नाही म्हणून सांगितलं. झील धरायला भावाच्या पोराला विचारलं. कंपनीतच आहे, आवाज बापाचाच. रविवारी सुट्टी घेऊन येतो म्हणाला.