पार्सलमध्ये काय आहे? तुमचे अनुभव लिहा

मुलगा जर्मनीला शिकायला गेला त्या पहिल्या दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन पोस्टात गेले. फॉर्मवर ‘दिवाळी फराळ’ एवढंच लिहिलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी वाचलं आणि फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. “ताई, फराळ म्हणजे काय ते तिकडच्या कस्टमवाल्याला कसं कळणार? एकेक जिन्नस वेगळा लिहा. वजन लिहा, किंमत लिहा.”

डबा घरी आणला, ओट्यावर वजनकाटा ठेवला आणि एकेक पिशवी तोलायला बसले. चकली ८५० ग्रॅम, शेव ४००, पातळ पोह्यांचा चिवडा ६००, कडबोळी ३५०. बेसनाचे लाडू बाहेर काढले. युरोपीय संघात घरगुती पार्सलमधून दूधदुभतं आणि मांस पाठवायला मनाई आहे, आणि लाडवात तूप पुष्कळ. उगाच जोखीम नको. चकलीत मोहन तेलाचंच होतं, म्हणून ती राहिली.

अडले ती किमतीच्या रकान्यापाशी. भाजणी मी दळून आणलेली, चकल्या मी आणि जाऊबाईंनी पाडलेल्या. त्याची काय किंमत लिहायची? शून्य लिहून भागत नाही. शेवटी नाक्यावरच्या दुकानात चकली ज्या भावाने मिळते तो भाव लावला. पार्सल व्यवस्थित पोचलं.

हे सगळं मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक हेलपाटा वाचला असता. म्हणून विचारतेय. ज्यांनी पाठवलं, ज्यांना मिळालं, ज्यांचं अडकलं, सगळ्यांनी लिहा.

*

दुबईहून लिहितेय. आई कोल्हापुरात असते. तिचे अनारसे म्हणजे खसखशीवर थापलेले, दुसरी पद्धत तिला माहीतच नाही. भाऊ पार्सल घेऊन गेला आणि यादीत प्रामाणिकपणे लिहिलं, ‘अनारसे: तांदूळ, गूळ, खसखस’. पार्सल घेणाऱ्या मुलाने तिथेच हात थांबवला. खसखस अफूच्या बोंडातली, आणि अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. सामानात सापडली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

आईला पटेना. “पिढ्यान्‌पिढ्या देवाला नैवेद्य दाखवतो आपण त्याचा!” भावाने फोन माझ्याकडे दिला, मी तिला तासभर समजावलं. चार दिवसांनी तिने तिळावर थापलेले अनारसे पाठवले. भावाने ‘खसखस’ न लिहिता डबा तसाच सोडला असता तर सही त्याची होती आणि पत्ता माझा. त्या मुलाचे उपकार आम्ही विसरणार नाही.

*

टपाल खात्यात काउंटरवर माझी ३१ वर्षं गेली. ताई, तुम्हाला फॉर्म परत मिळाला ते बरंच झालं.

कस्टमचे फॉर्म दोन प्रकारचे. २ किलोपर्यंतच्या लहान पाकिटाला सीएन २२, तोही किंमत ३०० एसडीआरच्या आत असेल तर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. त्यापुढे, आणि पार्सलला, सीएन २३. हे नमुने जागतिक टपाल संघाचे आहेत. संघ १८७४ सालचा, कचेरी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला. म्हणून बार्शीत भरलेला फॉर्म बर्लिनमध्ये वाचता येतो.

लोकांची नेहमीची चूक म्हणजे ‘आत काय आहे’ या जागी ‘गिफ्ट’ लिहिणं. गिफ्ट हा वेगळा चौकोन आहे, तिथे खूण करायची. भेट आहे हे सांगितलं म्हणजे वस्तू सांगितली असं होत नाही. ‘कपडे’ लिहू नका, ‘सुती साडी, १ नग’ लिहा. आता ही माहिती संगणकात भरून पार्सलच्या आधी तिकडे जाते, आणि मालाच्या वर्गवारीचा सहा आकडी कोडही मागतात. छापील पुस्तकं ४९०१ पासून सुरू होतात आणि नियतकालिकं ४९०२ पासून, त्यामुळे दिवाळी अंक पाठवणाऱ्यांनी दुसरा धरावा. खाली तुमची सही असते. काही लपवलेलं निघालं तर जाब तुम्हालाच विचारतात.

*

उलट्या दिशेचं एक सांगतो. नागपूर. अमेरिकेतल्या पुतण्याने माझ्या वाढदिवसाला बूट पाठवले, वर ‘गिफ्ट’. पूर्वी ५००० रुपयांपर्यंतच्या भेटी करमुक्त यायच्या. डिसेंबर २०१९ मध्ये ती सवलत काढली, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. पोस्टमनला ड्यूटी देऊन बूट सोडवून घेतले. पुतण्याला कळवलं नाही, त्याला वाईट वाटलं असतं.

*

ॲडलेड, ऑस्ट्रेलिया. सासूबाईंनी साड्या पाठवल्या, फॉर्मवर साड्याच होत्या. पण एका साडीच्या घडीत त्यांनी कापडी पुरचुंडी ठेवली होती, वालाच्या बियांची. परसात लावायला. वर्षानुवर्षं दर हंगामात राखेत घोळवून जपलेलं बी ते. पार्सलऐवजी जैवसुरक्षा खात्याचं पत्र आलं: स्वखर्चाने परत पाठवा, शक्य असल्यास प्रक्रिया करून घ्या, नाहीतर नष्ट करू द्या. नष्ट करायला होकार दिला. सासूबाईंना सांगताना माझा आवाज फुटेना.

इथल्या शेतात बाहेरची कीड शिरू नये म्हणून ते इतके कडक आहेत, ते मला मान्यच आहे. पण पुरचुंडी यादीत असती तर इथे फोन करून विचारता आलं असतं, आणि बी निदान पेणमध्ये त्यांच्याकडेच राहिलं असतं.

*

टपाल खात्यातले काका, तुमच्या उत्तरानंतर एक विचारते. लेक अमेरिकेत, सातवा महिना चालू होता. मी गोधडी शिवली, आईच्या दोन नऊवारी आणि माझं एक जुनं पातळ. ऑगस्ट २०२५ मध्ये पाठवायला गेले तर अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी काढल्यामुळे २५ तारखेपासून टपालाने वस्तू घेणं थांबलं होतं. १०० डॉलरपर्यंतच्या भेटी चालतील असं आधी म्हणाले, महिनाअखेरीस त्याही बंद. १५ ऑक्टोबरला बुकिंग पुन्हा सुरू झालं आणि मी दुसऱ्याच दिवशी रांगेत उभी होते.

‘वापरलेल्या सुती साड्यांची हाताने शिवलेली गोधडी, १ नग, १.४ किलो.’ किमतीपाशी मीही थांबले. आईच्या साड्यांना बाजारभाव कुठून आणू? ६०० रुपये लिहिले. ते बरोबर होतं का?

*

बरोबर होतं, ताई. विकायला काढली तर काय येईल, तेवढंच त्या रकान्यात विचारतात. बाळ झालं का?

*

झालं. मुलगी. गोधडी चौदा दिवस आधी पोचली.