सहा मजले येतील हो, पण पदपथ कधी?

वळणावरचं घर:

नमस्कार मंडळी. आमच्या पालिकेने विकास आराखड्याचा नवा मसुदा जाहीर केलाय आणि हरकती-सूचनांची मुदत संपत आली आहे. रेल्वे स्थानकापासून ८०० मीटरच्या आत, जिथे आज दोन मजल्यांच्या वर बांधता येत नाही, तिथे सहा मजल्यांपर्यंत परवानगी मिळणार. नव्या इमारतीत पार्किंग देण्याची सक्ती रद्द. तळमजल्यावर दुकान, दवाखाना चालेल. या सगळ्याला नाव दिलंय ‘चालण्याजोगी वस्ती’. माझं घर नकाशावर स्थानकापासून ६०० मीटर, म्हणजे रंगवलेल्या गोलात बरोब्बर आत.

गल्लीत दोन तट पडलेत. एक तट ‘आमच्या भागाचं रूप जपा’ असा सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरतोय. दुसरा म्हणतो, विरोध करणारे सगळे स्वार्थी, स्वतःचं घर झालं की यांना दुसरं कोणी नको. मी अजून कुठेच सही केलेली नाही.

माझी अडचण वेगळी आहे. तो गोल कंपासने काढलाय. प्रत्यक्षात स्थानकावर जायचं तर आधी उलट्या दिशेने रुळांवरच्या पुलाकडे जावं लागतं. मग मुख्य रस्त्याची कड. तिथला पदपथ शाळेच्या भिंतीपाशी संपतो. पुढे विजेची पेटी, उभ्या गाड्या आणि मग चारपदरी रस्ता, ज्याला सिग्नलच नाही. कागदावरचे ६०० मीटर पायाला सव्वा किलोमीटरच्या वर पडतात. माझी आई काठी घेऊन चालते. ती त्या बाजूला जायचं नावच काढत नाही.

मसुद्याची जोडपत्रं मी वाचली. (ती वाचणारा गल्लीत मी एकटाच असावा, सह्यांच्या कागदवाल्यांनी नक्की वाचलेली नाहीत.) उंचीचे आणि इमारतीभोवती सोडायच्या अंतराचे नियम मंजुरीच्या दिवसापासून लागू. पदपथ, पादचारी पूल, शाळेच्या वाढीव खोल्या, बसच्या फेऱ्या, या सगळ्यांपुढे एकच शेरा: ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’. म्हणजे दाटी नक्की, चालणं बघू.

मला दाटीची भीती नाही, पण ती एकटीच आली तर काय, ही आहे. शिवाय शेजारच्या प्लॉटवर, सूर्याच्या बाजूला, सहा मजले उठले तर आमच्या खिडकीत ऊन किती उरेल, पावसाचं पाणी कुठे जाईल, हेही डोक्यात आहेच. पालिकेला अशी अट घालायला लावता येते का, की आधी रस्ता चालण्यासारखा करा, मगच मजले? कुठे असं झालंय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

स्पष्टवक्ता:

कसला प्रकाश अन् कसलं काय. बिल्डरांचं भलं व्हावं म्हणून चाललंय सगळं. आणि ही ‘चालण्याजोगी वस्ती’ म्हणजे तेच ‘पंधरा मिनिटांचं शहर’, लोकांना आपापल्या भागात कोंडून ठेवायचा डाव आहे. ऑक्सफर्डमध्ये आठवा काय झालं ते. सही करा आणि मोकळे व्हा.

नकाशेवाला:

स्पष्टवक्ता, ऑक्सफर्डमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली होती. रोजचं सगळं पायी पंधरा मिनिटांत मिळेल अशी वस्ती हा शहर परिषदेच्या आराखड्यातला मुद्दा. ठरावीक रस्त्यांवर ठरावीक वेळेत परवान्याशिवाय खासगी गाडी नेली तर कॅमेऱ्याने दंड, ही काउंटी (म्हणजे जिल्हा) परिषदेची योजना. ती नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठा मोर्चा निघाला. गाडीवाल्यांना वळसा पडणार होता, त्यावर जरूर भांडा. पण पायी, सायकलने किंवा बसने कुठेही जायला कोणाला बंदी नव्हती, आणि गाडीलाही बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याने सगळीकडे जाता येणार होतं. पंधरा मिनिटांची कल्पना कार्लोस मोरेनो या पॅरिसमधल्या प्राध्यापकाने २०१६ मध्ये मांडली. २०२० च्या निवडणुकीत तिथल्या तेव्हाच्या महापौर आन हिदाल्गो यांनी ती उचलली, म्हणून ती जगभर गाजली.

आता मूळ धाग्याकडे. आयुष्य नगररचना खात्यात गेलं, त्यामुळे थोडं लांबेल.

वळणावरचे, कंपासच्या गोलावर तुम्ही बोट ठेवलंत हे उत्तम. ही खोड जुनी आहे. १९२९ मध्ये क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन नियोजकाने मध्यभागी शाळा आणि भोवती पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटर, अशी वस्ती सुचवली. तेव्हापासून ४०० मीटर म्हणजे पाच मिनिटं आणि ८०० म्हणजे दहा, हे आकडे आमच्या लोकांच्या बोटांवर बसलेत. ते धरतात ताशी पाच किलोमीटरच्या आसपासचा वेग आणि सरळ रेषा. तुमच्या आईंसारख्या अनेकांचा वेग सेकंदाला ०.८ ते ०.९ मीटर असतो, म्हणजे ताशी तीन किलोमीटर. सव्वा किलोमीटरला त्यांना पंचवीस मिनिटं लागतील, तीही मध्ये न थांबता. म्हणून सूचनेत लिहा: अंतर हवेतून न मोजता प्रत्यक्ष पायवाटेने मोजा. संगणकावर आज हे सहज होतं. असा नकाशा काढला की गोलाचा फाटका पतंग होतो. रुळांच्या पलीकडे तर बराच भाग गळून पडेल. पालिकेला तो भाग आत ठेवायचाच असेल तर पादचारी पूल आधी बांधावा लागेल. तुमची अट इथे बसते, आणि तीही त्यांच्याच व्याख्येतून.

स्पेनमधल्या पोन्तेवेद्राने २०११ मध्ये मेट्रोच्या नकाशासारखा, पण चालायच्या मिनिटांचा नकाशा काढला. १९९९ मध्ये आलेल्या महापौरांनी तिथे शहराच्या मध्यभागातून गाड्या जवळजवळ हद्दपार केल्या. क्रम लक्षात घ्या. आधी रस्ता माणसाला दिला, नकाशा नंतर छापला.

दाटी आणि उंची एक नव्हेत, हेही सह्यांच्या कागदवाल्यांना सांगा. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.५ घ्या. अर्ध्या प्लॉटवर तीन मजले, पाव प्लॉटवर सहा किंवा दहाव्या हिश्शावर पंधरा, चटईक्षेत्र तेवढंच. पॅरिसमध्ये चौरस किलोमीटरला सुमारे २० हजार माणसं राहतात, तीही बहुतांशी सहा-सात मजली इमारतींत. बार्सिलोनाच्या एशांपला भागाचा आराखडा इल्देफोन्स सेर्दाने १८५९ मध्ये केला: ११३ मीटरचे चौकोन, २० मीटर रुंद रस्ते आणि प्रत्येक चौकोनाच्या दोनच बाजूंना बांधकाम, मध्ये बाग. पुढे चारही बाजू बांधल्या गेल्या आणि बहुतेक बागा आतल्या बांधकामाने गिळल्या. चांगला आराखडा कुठून फाटतो ते यावरून कळतं. मजले कोणी विसरत नाही, बाग विसरतात.

उन्हाचं. ब्रिटनमध्ये एक प्राथमिक चाचणी वापरतात. तळमजल्यावरच्या खिडकीच्या मध्यातून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढायची. क्षितिजाशी कोन २५ अंशांपेक्षा कमी असेल तर उजेडाला सहसा फारसा धक्का लागत नाही, जास्त असेल तर सविस्तर अभ्यास करायचा. तुमच्या खिडकीपासून २० मीटरवर इमारत आली तर या हिशेबाने साधारण ११ मीटर, म्हणजे तीन मजले, बिनघोर. सहा मजले १९ मीटर धरले तर अंतर ३७ मीटरच्या पुढे लागेल. तेव्हा ‘सहा मजले नको’ असं सरसकट म्हणण्यापेक्षा ‘वरचे तीन मजले शेजारच्या खिडक्यांपासून मागे सरकवा’ अशी मागणी करा. ती टिकते.

गटारनामा:

नकाशेवाले वर बघतात, मी खाली बघतो. नोकरीच तशी होती.

मजल्यांना घाबरू नका, फरशीला घाबरा. ६०० चौरस मीटरच्या प्लॉटवर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३० हजार लिटर पाणी. छत आणि डांबरावरून त्यातलं ९० टक्के वाहून जातं, हिरवळीवरून ढोबळमानाने २० धरा. आज प्लॉटचा ३५ टक्के भाग पक्का असेल तर साधारण १३ हजार लिटर गटारात जातं. पक्का भाग ८० टक्के झाला की जवळजवळ २३ हजार. मजले दोन असोत की सहा, हा आकडा बदलत नाही. माझ्या अनुभवात सहा मजली इमारतीपेक्षा प्लॉटभर पसरलेली रांगेतली बुटकी घरं आणि त्यांच्यापुढचं काँक्रीट जास्त त्रास देतं. लोक मात्र बुटकं बघून खूश होतात.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये २७ जानेवारी २०२३ ला एका दिवसात २५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि घरं बुडाली. एवढ्या पावसाला कुठलीच गटारं पुरली नसती, त्याचा दोष दाटीवर टाकणं बरोबर नाही. पण जुन्या ओढ्यांच्या वाटा आणि सखल जमिनी कोणत्या, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. तुमच्या मसुद्यात पूररेषेचा नकाशा आणि सहा मजल्यांचा नकाशा एकावर एक ठेवून बघा. बहुतेक ठिकाणी ते दोन वेगळ्या विभागांनी केलेले असतात आणि एकमेकांना भेटलेले नसतात.

मैलापाण्याचं वेगळं. ते माणसांबरोबर वाढतं, तिथे मजले मोजायलाच हवेत. वाहिनीची शिल्लक क्षमता किती, हा आकडा लेखी मागा. ‘पुरेशी’ हे उत्तर धरू नका.

तिसऱ्या मजल्यावरची:

सगळ्यांचं वाचलं, पण एक राहून जातंय. या सुनावणीला मी येऊ शकत नाही. मी तुमच्या भागात राहत नाही कारण तिथे भाड्याने घरच नाही. जे अजून राहायला आले नाहीत त्यांच्या हरकती कोण नोंदवणार? वळणावरचे काका, तुम्ही ‘आधी रस्ता, मग मजले’ म्हणता तेव्हा मला ऐकू येतं ‘आधी दहा वर्षं थांबा’. निधी कधीच उपलब्ध नसतो. तुमची अट मनापासून असेलही, पण ज्यांना काहीच नकोय ते तिच्याच आड लपतील.

ऑकलंडचंच घ्या. २०१६ मध्ये रहिवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायला मुभा दिली. तेव्हा वर्षाला दहा हजारांच्या आसपास घरांना परवाने मिळत. २०२२ पर्यंत ते वीस हजारांच्या पुढे गेले. पुढे बाजार थंडावला तसे उतरले, हेही खरं. पण अमेरिकेतल्या मिनियापोलिसने २०१८ मध्ये एका घराच्या प्लॉटवर तीन घरांना मान्यता दिली तेव्हा प्रत्यक्षात तशी तिघरं फारच थोडी उठली. बहुतेक नवी घरं मोठ्या रस्त्यांवरच्या इमारतींत झाली. परवानगी मिळाली म्हणजे गल्ली उद्या भरते असं नाही.

आणि दुकान कोणासाठी उघडेल? गल्लीत वीस घरं असताना औषधाचं दुकान चालत नाही. माणसं आल्याशिवाय बस वाढत नाही. जपानमध्ये सगळ्यात कडक रहिवासी विभागातसुद्धा घराला जोडून ५० चौरस मीटरपर्यंत छोटं दुकान चालतं. चालण्याजोगी वस्ती अशीही होते, पुलाची वाट न बघता.

अवांतर: पार्किंगच्या सक्तीबद्दल कोणीच बोललं नाही. एक गाडी ठेवायला वळायच्या जागेसकट २५ ते ३० चौरस मीटर लागतात. मी राहते ती खोली त्याहून लहान आहे.

स्पष्टवक्ता:

ताई, गाडीला जागा दिली नाही म्हणून लोक गाडी विकत नाहीत. रस्त्यावर लावतात. वळणावरचे म्हणतात तो पदपथ त्यामुळेच गेलाय.

नकाशेवाला:

हे मात्र खरं आहे. सक्ती काढताना रस्त्यावरच्या पार्किंगचे परवाने आणि पदपथाच्या कडेला खांब, हे त्याच दिवशी व्हायला हवं. नुसती सक्ती काढून अंगणातलं भांडण रस्त्यावर आणायचं, याला धोरण म्हणत नाहीत.

वळणावरचं घर:

सगळ्यांचे आभार. रात्री दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले. गटारनामा यांनी म्हटलं तसंच निघालं: सहा मजल्यांच्या पट्ट्यात जुन्या ओढ्याची अख्खी वाट आहे, आणि तिथेच नवी शाळा दाखवली आहे.

ताईंचा मुद्दा लागला. ‘आधी हे, मग ते’ अशी अट मी लिहिणार नाही, कारण ती हत्यार म्हणून वापरणारे माझ्याच गल्लीत आहेत. त्याऐवजी असं लिहितोय: चालत दहा मिनिटांत स्थानक गाठता येतं त्या भागात सहा मजले लगेच द्या, माझ्या हरकतीशिवाय. आमच्या बाजूला, जिथे पादचारी पूल नाही, तिथे आजपासून तीन मजले. उरलेले तीन मजले तो पूल खुला होईल त्या दिवशी आपोआप लागू, पुन्हा मंजुरी नको. म्हणजे ज्यांना मजले हवेत तेच पुलासाठी पालिकेच्या मागे लागतील. नुसत्या रहिवाशांनी मागे लागून काय होतं ते आम्ही पाहिलंय. ओढ्याची वाट मोकळी. प्लॉटचा किमान तिसरा हिस्सा मातीचा. शाळेच्या भिंतीपाशी संपणारा पदपथ आणि चारपदरी रस्त्यावरचा सिग्नल यांना मात्र कसली वाट बघायची गरज नाही. ती कामं मजले आले नाहीत तरी व्हायला हवीत, म्हणून ती वेगळ्या अर्जात टाकतोय.

सह्यांच्या कागदावर सही करणार नाही, हे शेजाऱ्यांना सांगितलं. बोलणं थोडं कमी झालंय. बघू.

हे असं दोन टप्प्यांत देणं कायद्यात बसतं का, नकाशेवाले?

नकाशेवाला:

बहुतेक ठिकाणी बसतं. ‘अमुक सुविधा पूर्ण झाल्यावर लागू’ अशी कलमं आम्हीही लिहिली आहेत. फक्त ‘पूल खुला होणे’ म्हणजे काय ते पक्कं लिहा, नाहीतर कोनशिला बसली की खुला झाला म्हणतील. उतार असावा किंवा लिफ्ट चालू असावी, हेही घाला, आईंसाठी. आणि अर्जात पाठिंबा किंवा विरोध एवढंच न लिहिता ‘बदलांसह पाठिंबा’ असं लिहा, मसुद्यातल्या कलमाचा क्रमांक द्या आणि तुम्हाला हवी ती शब्दरचना तयार करून द्या. क्रमांक नसलेल्या अर्जावर आम्ही ‘नोंद घेतली’ असा शेरा मारायचो आणि पुढचा उचलायचो.