मोठा मुलूख, थोडी फौज: १८६१-६२ च्या हिवाळ्यात जॉन्स्टनने नेमकं काय करायला हवं होतं?

नकाशेबहाद्दर

अमेरिकन यादवी युद्धातली पश्चिम आघाडी नकाशा समोर ठेवून वाचतोय. सप्टेंबर १८६१ मध्ये दक्षिणेच्या सरकारने अल्बर्ट सिडनी जॉन्स्टनच्या हाती ही आघाडी दिली. डाव्या टोकाला मिसिसिपीवरचं कोलंबस, मध्ये टेनेसी आणि कंबरलँड नद्यांवरचे फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन, मग बोलिंग ग्रीन आणि पार उजवीकडे डोंगरातली कंबरलँड गॅप ही खिंड. सरळ रेषेत मोजलं तरी जवळजवळ ५०० किलोमीटर. फौज सगळी मिळून ५० हजारांच्या आत, त्यातही कित्येकांच्या हातात धड बंदूक नाही.

बहुतेक लेखक 'फौज विखुरली, म्हणून हरला' एवढं म्हणून पुढे जातात. एकत्र करायला हवी होती हे मान्य, पण कुठे? एका ठिकाणी गोळा केली की बाकीचे तीन रस्ते उघडे पडतात. त्याच्या जागी तुम्ही असता तर फौजेची वाटणी कशी केली असती?

रसदखाते

आधी वाटणी बाजूला ठेवा आणि नद्या बघा. नदी आघाडीला समांतर वाहत असेल तर ती तुमचा खंदक असते. आघाडीला छेदून जात असेल तर ती शत्रूचा हमरस्ता होते. टेनेसी आणि कंबरलँड या दोन्ही नद्या जॉन्स्टनच्या मुलखातून उत्तरेकडे वाहत ओहायो नदीला मिळतात, आणि ओहायो नदी उत्तरेच्या ताब्यात. वाफेवर चालणाऱ्या चिलखती तोफनौका त्यांच्याकडे, याच्याकडे जवळपास काहीच नाही. म्हणजे ५०० किलोमीटरच्या रेषेत खरी भगदाडं दोनच, आणि ती एकमेकांपासून जेमतेम १९ किलोमीटरवर. तरी सगळ्यात जास्त फौज बोलिंग ग्रीन आणि कोलंबसला होती. एकट्या कोलंबसच्या कड्यावर सुमारे १४० तोफा आणि नदीत आडवी टाकलेली लोखंडी साखळी. ती बाजू इतकी भक्कम झाली की तिथे कोणी डोकं आपटायला आलंच नाही.

फोर्ट हेन्रीची जागा आधीपासूनच फसलेली होती. १८६१ च्या मध्यावर जागा निवडली तेव्हा केंटकी तटस्थ होतं, त्यामुळे किल्ला शेजारच्या टेनेसी राज्याच्या हद्दीतच बांधावा लागला. सप्टेंबरात दक्षिणेचा सेनापती पोल्क याने केंटकीतलं कोलंबस घेऊन ती तटस्थता मोडली, पण किल्ला होता तिथेच राहिला. जमीन इतकी सखल की फेब्रुवारीच्या पुरात अर्धाअधिक किल्ला पाण्याखाली. पात्रात पेरलेले सुरुंगही पुराने निकामी झाले. समोरच्या काठावर उंच जागा होती. तिथे फोर्ट हायमन उशिरा सुरू केला आणि तो अर्धवटच राहिला.

६ फेब्रुवारी १८६२ ला उत्तरेचा नौदल अधिकारी फूट याच्या तोफनौका आल्या तेव्हा किल्ल्याचा प्रमुख टिल्घमन याने बहुतेक शिबंदी आधीच डोनेल्सनकडे रवाना केली होती. मोजके गोलंदाज घेऊन तो सव्वा तासाच्या आसपास लढला. त्यात त्याची आटे पाडलेल्या नळीची मोठी तोफ फुटली आणि १० इंची तोफेच्या कानात (बत्ती द्यायच्या भोकात) तार तुटून अडकल्याने तीही बाद झाली. शरणागती घ्यायला आलेली होडी वल्हवत थेट किल्ल्याच्या दारातून आत आली, एवढं पाणी होतं.

आता खरी मेख. कोलंबस आणि बोलिंग ग्रीन यांना जोडणारी आडवी रेल्वे टेनेसी नदी ओलांडत होती ती फोर्ट हेन्रीच्या जरा वरच्या अंगाला. किल्ला पडला त्याच दिवशी तोफनौका पुलापर्यंत पोचल्या आणि पूल बाद झाला. दोनच दिवसांत त्या अलाबामातल्या फ्लॉरेन्सला होत्या. जॉन्स्टनच्या दोन मोठ्या फौजा एकमेकींपासून तुटल्या त्या अशा. थोडी फौज इकडून तिकडे हलवायची ज्या रस्त्याने, तोच रस्ता आघाडीच्या पहिल्या रांगेत होता. शिपाई दुप्पट असते तरी हा दोष तसाच राहिला असता.

अधलीमधली_चाल

रसदखाते यांच्याशी सहमत, फक्त त्यात वेळेचा हिशेब घालतो. नकाशेबहाद्दर, तुम्ही माणसं मोजताय. अशा वेळी दिवस मोजायचे असतात.

प्रत्येक ठाण्यासाठी तीन आकडे काढा. बातमी राखीव फौजेपर्यंत पोचायला किती वेळ, फौजेला तळ मोडून निघायला किती, आणि चालायला किती. या तिन्हींची बेरीज म्हणजे त्या ठाण्याने एकट्याने तग धरायचा काळ. ठाणं तेवढं टिकणार नसेल तर दोन मार्ग: ठाणं मजबूत करा किंवा राखीव जवळ आणा. तिसरा म्हणजे ते ठाणं सोडून देणं, आणि तो आधी ठरवलेला असेल तरच स्वस्तात पडतो.

पायदळ कच्च्या रस्त्याने दिवसाला २० ते २५ किलोमीटर जातं, चिखलात त्याच्या निम्मं. त्यात लोक रांगेची लांबी विसरतात. १० हजार पायदळ चौघाचौघांच्या ओळीत निघालं तर चालताना रांग चार-पाच किलोमीटर ताणते. वर तोफा आणि गाडे धरा. पुढची पलटण निघाल्यावर शेवटचा गाडा हलायला दोन-तीन तास सहज जातात, आणि मुक्कामी पोचताना तोच उशीर पुन्हा. एप्रिल १८६२ च्या शिलोच्या लढाईआधी हेच झालं. दक्षिणेची फौज जमली होती त्या कॉरिंथपासून शत्रूचा तळ ३५ किलोमीटरच्या आसपास होता. ३ एप्रिलला निघालेली फौज ६ तारखेच्या पहाटे भिडली. नवखे शिपाई, दोनच अरुंद रस्ते, वरून पाऊस, आणि कोण कोणाच्या आधी जाणार याचे गुंतागुंतीचे हुकूम.

हिशेब फोर्ट हेन्रीला लावा. किल्ला टिकला सव्वा तास. बोलिंग ग्रीनहून मदत यायची तर रेल्वेनेसुद्धा दिवस हवेत. म्हणजे राखीव फौज हेन्री-डोनेल्सन पट्ट्यातच, फार तर जवळच्या क्लार्क्सव्हिलपाशी, बसवायला हवी होती. बोलिंग ग्रीनला घोडदळाचा पडदा आणि थोडं पायदळ पुरलं असतं, कारण समोरचा उत्तरेचा सेनापती ब्युएल हलायलाच तयार नव्हता. शिवाय उत्तरेची आघाडी हॅलेक आणि ब्युएल या दोघांत वाटलेली आणि दोघं एकमेकांना विचारून काही करत नव्हते. मधल्या जागेतल्या सेनापतीला यापेक्षा चांगली संधी मिळत नाही.

प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने १७५७ मध्ये हेच साधलं. ५ नोव्हेंबरला रॉसबाखला फ्रेंचांची फौज मोडली, तिथून सुमारे ३०० किलोमीटर चालून ५ डिसेंबरला लॉइथेनला ऑस्ट्रियन मोडले. मधल्या काळात ब्रेस्लाउ शहर त्याच्या हातून गेलं, हे मात्र कोणी सांगत नाही. एका बाजूला जोर लावायचा तर दुसरी बाजू काही आठवडे फाटू द्यावी लागते. तेवढी छाती नसेल तर या चालीच्या वाटेला जाऊ नये.

नकाशेबहाद्दर

वेळेचा हिशेब पटला. पण एक सांगा, जॉन्स्टनने चार महिने सगळ्यांना झुलवत ठेवलं ते कसं? समोरच्यांची फौज तर दुप्पट होती.

रसदखाते

हूल देऊन. वर्तमानपत्रांत आपली फौज फुगवून छापून आणायची आणि घोडदळाच्या तुकड्या सतत पुढे धाडायच्या, म्हणजे समोरच्याला वाटावं हा आता लुइव्हिलवर येतोय. केंटकीतल्या उत्तरेच्या शर्मन या सेनापतीवर याचा एवढा परिणाम झाला की त्याने बचावालाच ६० हजार आणि चढाईला २ लाख माणसं लागतील असं सांगितलं. नोव्हेंबरात त्याला तिथून हलवलं, वर्तमानपत्रांनी वेडा ठरवलं ते वेगळंच.

पण हुलीला मुदत असते. ती ज्या दिवसांसाठी घेतली, त्या दिवसांत खंदक, तोफा, पूल यांची कामं उरकली पाहिजेत. इथे चार महिने मिळाले आणि डोनेल्सनच्या मागच्या बाजूचे खंदक अपुरेच राहिले. दुसरा तोटा घरातला. खोटा आकडा आपल्या लोकांनाही खरा वाटतो, मग मदत मागितली तर कोणी मनावर घेत नाही. फेब्रुवारीत दक्षिणेचाच सेनापती बोरगार्ड पूर्वेकडून आला तेव्हा अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी फौज बघून तोही चकित झाला.

शिबंदी_आणि_दारूगोळा

माझा थोडा वेगळा मुद्दा. वर सगळे आघाडीची रेषा गृहीत धरून बोलताय. थोड्या फौजेने मोठा मुलूख राखायची दुसरी रीत आपल्याच इतिहासात आहे, आणि तिच्यात रेषाच नाही.

१६८९ मध्ये रायगड गेला, राजाराम महाराज जिंजीला गेले, इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे. सपाटीवर बादशाही फौज अडवण्याचा प्रश्नच नव्हता. मग कामं दोन. किल्ल्यांनी दिवस खायचे आणि घोडदळाने रसद तोडायची. जिंजीने १६९० ते १६९८ झुल्फिकारखानाला अडकवून ठेवलं. साताऱ्याने डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० खुद्द औरंगजेबाला. १६९५ मध्ये संताजींनी कासिमखानाला दोड्डेरीच्या गढीत कोंडलं, तेव्हा तोफांपेक्षा उपासमारीने काम केलं. पुढे पन्हाळा, विशाळगड, सिंहगड असे एकेक किल्ले बादशहाने घेतले, काही तर पैसे मोजून. पण घेतलेल्या प्रत्येक किल्ल्यात त्याला शिबंदी ठेवावी लागली. फौज पातळ होण्याचं दुखणं त्याच्या गळ्यात पडलं.

यासाठी किल्ल्याची तयारी तशी लागते. नुसती उंची कामाची नाही. आज्ञापत्रात स्पष्ट आहे की एका पाण्यावर भिस्त ठेवू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. टाकी वेगळी, राखीव पाणी वेगळं. धान्य, दारू वेगवेगळ्या कोठारांत. दोन महिन्यांत पाणी संपणारा किल्ला म्हणजे शत्रूला आयतं दिलेलं कोठार.

अधलीमधली_चाल

उदाहरण उत्तम, पण जॉन्स्टनला ते लागू पडेल असं वाटत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी तोफनौका येत नाहीत. शिवाय किल्ला वेळ खातो तो बाहेरची फौज मोकळी असेल तर. डोनेल्सनला नेमकं उलटं झालं. उंचावरच्या तोफांनी १४ फेब्रुवारीला फूटच्या नौका फोडून परत लावल्या, म्हणजे किल्ल्याची जागा चांगली होती. पण जॉन्स्टनने आत थोडी शिबंदी ठेवून बाहेर फौज ठेवली नाही, आणि सगळी फौज आणून उत्तरेच्या ग्रँटवर तुटूनही पडला नाही. सुमारे १२ हजार माणसं आत धाडली, उरलेली १४ हजार घेऊन स्वतः नॅशव्हिलकडे निघाला. १५ तारखेला सकाळी आतल्यांनी वाट फोडलीसुद्धा, तर आतल्या सेनापतींपैकी पिलोने सगळ्यांना पुन्हा खंदकात बोलावलं. १६ ला १२ हजारांहून जास्त लोक कैद. घोडदळाचा फॉरेस्ट तेवढा आपले स्वार घेऊन रात्रीत पाण्यातून निसटला.

शिबंदी_आणि_दारूगोळा

तोफनौकांचं मान्य. पण सोडायचं काय हे आधी ठरवणं, हा भाग तर दोन्हीकडे सारखाच आहे ना? रायगड गेला म्हणून कारभार थांबला नाही. जॉन्स्टनला मात्र काहीच सोडवत नव्हतं.

रसदखाते

त्याला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. नॅशव्हिलमध्ये पश्चिमेतली सगळ्यात मोठी कोठारं, कंबरलँडच्या काठाने लोखंडाच्या भट्ट्या, आणि टेनेसीच्या पलटणी घर सोडून दक्षिणेला किती राहतील याची खात्री नाही. वरून रिचमंडचा, म्हणजे दक्षिणेच्या सरकारचा, आग्रह की इंचभरही जमीन सोडू नका.

आणि माणसं नव्हती असंही नाही. डोनेल्सन पडल्यावर किनाऱ्यावरच्या पेन्साकोला आणि मोबिलहून दक्षिणेच्या ब्रॅगचे सुमारे १० हजार, न्यू ऑर्लिन्सहून ५ हजार, कोलंबस रिकामं करून पोल्क, असे मार्चअखेर कॉरिंथला ४० हजारांवर गोळा झाले. किनारा उघडा टाकायची तयारी फेब्रुवारीनंतर झाली, जानेवारीत नव्हती. १९ जानेवारीला मिल स्प्रिंग्जला दक्षिणेचा झोलिकॉफर नदी पाठीशी घेऊन लढला आणि मेला, उजवी बाजू फाटली. तोच इशारा धरून पुढे कॉरिंथला जमलेली माणसं क्लार्क्सव्हिलला मागवली असती तर ग्रँटला हेन्रीच्या धक्क्यावरच गाठता आलं असतं. रेल्वेचा पूल तेव्हा शाबूत होता.