लारावेल 'गो'मध्ये आणायचं म्हणजे नक्की काय आणायचं?

तुकोगंजकर
काल इथे हाक आली, 'चला, लारावेल गोमध्ये पोर्ट करू.' लारावेल म्हणजे पीएचपी भाषेतलं वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा; गो ही वेगळी भाषा; पोर्ट म्हणजे एका भाषेतलं दुसरीत उतरवणं. म्हणणं असं की फोल्डर तेच, मेथडची नावं तीच, मग जुना कोड जरासा हात फिरवला की पळेल, तोही गोच्या वेगाने. भराभर अंगठेही पडले. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर.

लारावेलमध्ये डेटाबेसमधून माहिती काढायला आपण व्हेअर, ऑर्डरबाय, फर्स्ट अशी साखळी बिनधास्त लावतो, कारण काही बिनसलं तर एक्सेप्शन (बिघाडाचा इशारा) उडतं आणि वर कुठेतरी पकडलं जातं. गोमध्ये एरर हातात परत येतो. पायरीपायरीला तो तपासायचा म्हटलं की साखळी तुटली. फसाड (नुसत्या क्लासच्या नावाने लारावेलच्या सेवा वापरायची सोय) तर पीएचपीच्या कॉलस्टॅटिक या खास मेथडच्या जिवावर उभे, नसलेली मेथड ऐनवेळी पकडायची आणि दुसरीकडे धाडायची. गोमध्ये ती सोयच नाही.

आणि खरी मेख पुढे आहे. पीएचपी-एफपीएममध्ये (सर्व्हरवर पीएचपी चालवायची नेहमीची पद्धत) रिक्वेस्ट संपली की मेमरी साफ. गोचा प्रोसेस चालूच राहतो. मी पूर्वी जिथे नोकरीला होतो तिथे असंच 'जसंच्या तसं' उतरवलं होतं, चालू युजर ग्लोबलमध्ये, म्हणजे अख्ख्या प्रोग्रामच्या सामाईक जागेत, ठेवायच्या सवयीसकट. टेस्टिंगला एकच माणूस, सगळं झकास. लाइव्ह गेल्यावर दोन रिक्वेस्ट एकदम आल्या आणि एका डीलरला दुसऱ्याची उधारी दिसली. तो फोनवर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गोफर_इंदोरी
काका, हाक मीच मारली होती. तुमच्याकडचा प्रोग्रामर कच्चा, त्यात माझा काय दोष? फ्रेमवर्कच्या दुनियेत सगळी उसनवारीच आहे. 2004 मध्ये रुबी भाषेतलं रेल्स, लगेच 2005 मध्ये त्याच धर्तीवर पीएचपीतलं केकपीएचपी. रुबीतल्या सिनात्रावरून जावास्क्रिप्टचं एक्सप्रेस, एक्सप्रेसवरून गोमधलं फायबर. तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. आणि साखळीचं रडगाणं गॉर्मने, गोच्या डेटाबेस लायब्ररीने, कधीच संपवलंय, एरर त्या ऑब्जेक्टमध्येच साठतो, शेवटी एकदा बघायचा.

तुकोगंजकर
आणि बघायला विसरलास तर? कंपायलर हूं की चूं करत नाही. केकपीएचपीने रेल्सचं वळण उचललं, ओळी नाही. एलिक्सिर भाषेतलं फ्रेमवर्क फिनिक्स बघ. ज्या जोसे व्हालिमने एलिक्सिर काढली तो स्वतः रेल्सच्या कोअर टीममधला. तरी फिनिक्समध्ये अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड (डेटाबेसची ओळ म्हणजे एक ऑब्जेक्ट, ही रेल्सची पद्धत) आला नाही, डेटाबेससाठी एक्टो वेगळं घडवलं, कारण त्या भाषेत ऑब्जेक्टच नाहीत. तू मात्र नावं तीच ठेवणार म्हणतोस.

पावतीवाली
तुमचं चालू द्या, पण देवनागरीचं काय? मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या मी सांभाळते. 'इंदूर'ची लांबी पीएचपीचं स्ट्रलेन 15 सांगतं, गोचं लेनही 15, कारण दोघं बाइट मोजतात; जावास्क्रिप्ट 5, वेलांटी-अनुस्वार सुटे धरून. डोळ्यांना अक्षरं तीन! मागच्या वर्षी एका हुशार पोराने नाव छापताना रून (गोमध्ये एकेक युनिकोड चिन्ह, मात्रा-वेलांटीही वेगळी) मोजून कापलं. शिंदे झाले 'शिंद' आणि कुलकर्णी झाले 'कुलकर्'. कुलकर्णीकाका पावती घेऊन थेट मांडवात.

गोफर_इंदोरी
ताई, कुठलीही भाषा घ्या, कापलं की असंच होणार. विषयाला धरून बोला ना.

पावतीवाली
असंच नाही होत. पीएचपीच्या इंटल या जोडणीत ग्राफीम, म्हणजे डोळ्यांना दिसणारी अक्षरं, मोजायची फंक्शन्स आहेत. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत नाहीत, बाहेरून लायब्ररी आणावी लागते. तुझ्या पोर्टमध्ये 'कमाल 20 अक्षरं' हे व्हॅलिडेशन (भरलेल्या माहितीची तपासणी) नक्की काय मोजणार? बाइट, रून की अक्षरं? आधी हे सांग, मग वेग दाखव.

सुपरकॉरिडॉर
पण ताई, लारावेलचं मॅक्स (कमाल लांबीचा नियम) तरी कुठे ग्राफीम मोजतं? तेही एमबी_स्ट्रलेनवरच, जे सुटी युनिकोड चिन्हं मोजतं. म्हणजे 'इंदूर' पाचच.

पावतीवाली
मग तीच खोड कशाला पोर्ट करता? नव्याने लिहिताय तर नीट तरी लिहा. आणि कापायचं कशाला, फॉन्ट लहान करा! दहा वर्गणीदारांतले सहा जण नाव बघूनच पावती घेतात, रक्कम नंतर.

तुकोगंजकर
रोमनमध्ये छापा, प्रश्न मिटला.

पावतीवाली
आमच्या मंडळात येऊन बोला हे.

सुपरकॉरिडॉर
मांडवातून परत या, भिया लोक. काका, 2021 पासून लारावेल ऑक्टेन (वेग वाढवायचं जोडपॅकेज) रिक्वेस्ट संपली तरी अ‍ॅप मेमरीतच ठेवतो. तुमचा उधारीचा घोळ आता शुद्ध पीएचपीतही होऊ शकतो. मग दोष पोर्टचा की सवयीचा?

तुकोगंजकर
बरं, हा मुद्दा दिला. पण ऑक्टेन लावायचं की नाही हे मी ठरवतो, आणि लावलं तर कुठे जपायचं ते त्यांच्या कागदपत्रांत लिहिलंय. इथे 'जुना कोड तसाच पळेल' अशी जाहिरात आहे. ती वाचून कोणीतरी पोरगा क्लायंटला शब्द देऊन बसेल.

गोफर_इंदोरी
धन्य! जाहिरातीतलं 'तसाच' काढतो. फसाडही काढतो, युजर कॉन्टेक्स्टमधून, म्हणजे ज्याच्या त्याच्या रिक्वेस्टसोबत, पाठवतो. राउटिंग (कुठला पत्ता कुठल्या कोडकडे), मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) आणि लारावेलच्या आर्टिसनसारखी टर्मिनलवरची कमांड, एवढंच ठेवतो. खूश?

तुकोगंजकर
मग लारावेल उरलं कुठे त्यात?

गोफर_इंदोरी
म्हणजे आता तेही माझंच चुकलं!

पावतीवाली
व्हॅलिडेशनचं अजून कोणी बोललं नाही.