जर्मनीहून टॉरेंटबद्दल नोटीस आली आहे. हमीपत्रावर सही करावी का?

नमस्कार. माझा भाचा पोर्तुगीज पासपोर्टवर दोन वर्षांपासून जर्मनीत नोकरी करतो. तो दोन मित्रांसोबत भाड्याच्या घरात राहतो, मात्र इंटरनेटची जोडणी त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. गेल्या आठवड्यात तिथल्या एका वकिली संस्थेचे पत्र आले. अमुक दिवशी अमुक मिनिटाला त्याच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या ओळख-क्रमांकावरून) एक चित्रपट टॉरेंटद्वारे, म्हणजे वापरकर्ते एकमेकांना थेट फाइली देतात त्या पद्धतीने, इतरांना पुरवला गेला, म्हणून ९१५ युरो भरावेत आणि सोबतच्या हमीपत्रावर (असे पुन्हा होणार नाही, या लेखी वचनावर) सही करून ते दहा दिवसांत पाठवावे, असे त्यात म्हटले आहे. भाचा आणि मित्र, तिघेही असे काही केल्याचे नाकारतात.

पत्र बनावट असेल असे प्रथम वाटले. परंतु टॉरेंटमध्ये फाइल उतरवून घेतानाच तिचे तुकडे आपल्याकडून इतरांना जात असतात, हक्कधारकांची माणसे त्याच गर्दीत शिरून आयपी पत्ते टिपतात आणि मग न्यायालयाच्या परवानगीने सेवा पुरवठादाराकडून ग्राहकाचे नाव मिळवतात, हे वाचल्यावर ती शंका कमी झाली. फोंड्यातल्या एका वकिलांनी आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ६३ आणि त्यातली सहा महिने ते तीन वर्षांची कैद दाखवली. त्याने ताईची झोप तेवढी उडाली, कारण हे प्रकरण तिथल्या कायद्याचे आहे.

तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये असा निर्णय दिला आहे की, संशयाला ठोस कारण नसेल तर घरातल्या सज्ञान पाहुण्यांना किंवा सहनिवाशांना आधी ताकीद देण्याचे बंधन जोडणीधारकावर नाही. मात्र ती जोडणी आणखी कोण वापरू शकत होते, हे त्याला सांगावे लागते. त्या दोघांपैकी एक मडगावचा, आमच्या ओळखीच्या घरातला मुलगा आहे, त्यामुळे भाचा त्याचे नाव लिहायला कचरतो.

मला मुख्य काळजी हमीपत्राची आहे. त्यावर सही केली की ते दीर्घकाळ बांधून ठेवते आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला दंड लागू होतो. काहीच न पाठवावे, तर मनाई हुकुमाचा धोका. दोषाची कबुली न देता मजकूर बदलून हमी देता येते असे वाचले आहे. असा मसुदा कोणी स्वतः पाठवला आहे का, की तिथलाच वकील गाठावा? सहनिवाशांची नावे आताच कळवावीत, की दावा दाखल झाल्यावर?

शिवाय चवथीला तो तीन आठवडे घरी येणार आहे. न्यायालयाचा वसुली-आदेश आल्यास आक्षेपासाठी दोनच आठवडे मिळतात, तेव्हा त्या काळात त्याची टपालपेटी कोणी पाहावी आणि आक्षेप त्याच्या वतीने कोणाला नोंदवता येईल, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.