आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा

दादा, विंडोज ११ टाकताना लॅपटॉप ‘टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही’ म्हणतो, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकू का, असं विचारलंत. आधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, डोकवा. टीपीएम बऱ्याचदा असतं, नुसतं बंद असतं. इंटेलच्या मशिनवर ‘पीटीटी’ नावाने सापडेल. मात्र प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा जुना असेल तर सहसा विंडोज ११ चा नाद सोडावा.

मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय पकडतंय का, आवाज येतोय का, आणि मुख्य म्हणजे झाकण मिटून उघडल्यावर पडदा पुन्हा उजळतो का, हे बघा. ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय कार्ड असेल तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बहुधा वेगळा घालावा लागेल; तेवढ्यापुरतं मोबाइल यूएसबीने जोडून नेट द्या.

पण सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा हिशेब टॅलीवर आहे ना? टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. त्याची सोय लागेपर्यंत विंडोज पुसू नका.